लिलीची पानं अचानक गळली तर: कोकणातल्या अंगणा-परसातून नेहमी येणारे प्रश्न

मृगाचा पाऊस एकदा दणकून लागला की आठ-दहा दिवसांत मला फोटो यायला लागतात. सगळे फोटो सारखेच, कुंडीत नाहीतर आळ्यात आडवी पडलेली पानं आणि खाली "हिला काय झालं असेल हो?" मी गुहागरकडची, घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, अंगणात आणि परसात मिळून सात-आठ प्रकारच्या लिल्या आहेत आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या मी कधी ना कधी स्वतःच्या हाताने मारलेल्या आहेत. त्यामुळे तेच तेच परत टाईप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते. फोटोवरून मला फारसं काही कळत नाही हे आधीच सांगते, कारण पान गळतं वर पण दुखणं बहुतेक वेळा मातीखाली असतं.

काल बरी होती, आज पानं पडली. सगळ्यात आधी काय करू?

पाणी थांबवा. कुंडी असेल तर पागोळीखालून, पावसातून उचलून पडवीत आणा. औषध लगेच मारू नका, खत तर अजिबात नको.

मग तीन गोष्टी करा, दोन मिनिटांचं काम आहे. एक, पडलेल्या पानाला हलकेच ओढा. बुडातून अलगद हातात आलं तर कांदा, म्हणजे लिलीचा मातीखालचा गड्डा, नाहीतर पानाचं बूड सडलंय. घट्ट बसलेलं असेल तर कांदा बहुधा ठीक आहे, कारण दुसरीकडे शोधायचं. दोन, बुडाशी नाक न्या आणि वास घ्या. चांगल्या कांद्याला मातीचा वास येतो, सडलेल्याला पिशवीत विसरलेल्या बटाट्यासारखा येतो, एकदा घेतलात की परत चुकणार नाही. तीन, बोटाने माती दोन इंच खरवडा आणि कांद्याचा खांदा दाबून बघा, टणक लागतो का पिलपिलीत.

एवढं केलंत की निम्मं निदान झालं. मी पाच-सहा वर्षं उलट करत होते, आधी दुकानातून पावडर आणायची, फवारायची, आणि मग पंधरा दिवसांनी उकरून बघायचं तर आत काही उरलेलंच नसायचं.

माझी लिली नक्की कुठली हे कसं ओळखू? सगळे नुसतं लिलीच म्हणतात.

इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे ज्याला ज्याला लिली म्हणतात त्यातल्या बऱ्याच झाडांचा खऱ्या लिलीशी लांबचाच संबंध आहे आणि प्रत्येकीचं गळणं वेगळं असतं.

एक उभा दांडा आणि त्या दांड्यावर खालपासून वरपर्यंत पानं असतील तर ती खरी लिली, म्हणजे एशियाटिक, ओरिएंटल वगैरे, जी नर्सरीत कळ्यांसकट महाग मिळते. पट्ट्यासारखी पानं थेट मातीतून, कांद्यातून येत असतील तर ती स्पायडर लिली, सुदर्शन म्हणजे क्रायनम, अमॅरिलिस, रेन लिली, फुटबॉल लिली यातली कुठली तरी. डे लिलीला कांदा नसतोच, जाड मुळ्या असतात. पीस लिली तर अळवाच्या कुळातली, घरात ठेवायची. सोनटक्क्याला जिंजर लिली म्हणतात, तो आल्याचा भाऊबंद. आणि रानात पावसाळ्यात वेलीसारखी चढणारी लाल-पिवळ्या फुलांची कळलावी, तिला ग्लोरी लिली म्हणतात.

दांड्यावरच्या लिलीची पानं पिवळी पडून बहुतेक दांड्यालाच लोंबकळत राहतात, सुकून मग झडतात. कांद्यातून पानं येणाऱ्या लिलीची सगळी पानं एकदम जमिनीवर लोळली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी उकरा.

पान ओढल्यावर बुडातून सुटलं आणि घाण वास येतोय. कांदा सडला म्हणजे गेलीच का?

नाही, मधला गाभा आणि खालची चकती, जिथून मुळं फुटतात ती, टणक असेल तर वाचते. गेल्या आषाढात शेजारच्या काकूंची अमॅरिलिस अशीच होती. पानं धरली तर गठ्ठाच हातात आला, बुडाला चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल. काकू म्हणाल्या टाक ती गडग्यापलीकडे. म्हटलं थांबा. नळाखाली धुतली आणि कांद्याचे पापुद्रे एकेक करून काढत गेलो, पाच-सहा थर गेले तेव्हा कुठे आतला पांढराशुभ्र टणक भाग लागला, लिंबाएवढा. काकूंचं म्हणणं एवढ्याशा कांद्याचं काय होणार. तो आता परत मुठीएवढा झालाय, फूल अजून यायचंय.

करायचं असं. कांदा काढा, धुवा, मऊ आणि तपकिरी झालेलं सगळं धारदार सुरीने कापून टाका, दया दाखवू नका, तपकिरी ठिपका राहिला तर सड परत तिथूनच सुरू होते. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने नाहीतर सॅनिटायझरने पुसा. मेलेली काळी मुळं कापा, पांढरी ठेवा. मग एक लिटर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून त्यात 20 ते 30 मिनिटं बुडवून ठेवा, हातमोजे घालून, आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात आणू नका.

त्यानंतरचा सुकवण्याचा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. दोन-तीन दिवस सावलीत सुकवायचा. जुलैत आपल्याकडे सावलीत टॉवेल सुकत नाही तर कांदा काय सुकणार, म्हणून मी पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवते. चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला तरी चालतो पण धग लागायला नको, नुसती ऊब पुरे.

परत लावताना माती कुठली घेऊ?

तांबडी माती, नदीची जाडी वाळू आणि चांगलं कुजलेलं जुनं शेणखत, सगळं सारख्या मापाने. आपली जांभ्याची माती सड्यावर पाणी छान सोडते पण कुंडीत घातली की पाणी पिऊन पिऊन विटेसारखी घट्ट होते, म्हणून वाळू हवीच. समुद्राची वाळू चुकूनही नको, फुकट मिळते म्हणून एक वर्ष मीच आणलेली, सगळ्या पानांची टोकं जळली. धुतली तरी मीठ पूर्ण जातंय याचा भरवसा नाही.

अमॅरिलिसचा कांदा अर्धा नाहीतर निदान मान तरी मातीच्या वर राहू दे. खरी लिली मात्र उलटी, ती 10 ते 15 सेंटीमीटर खोल लावायची, कारण तिला कांद्याच्या वर दांड्यालाही मुळं फुटतात. नवीन पानाचं टोक दिसेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच, माती अगदी कोरडी पडली तर वाटीभर.

माती ओलीच आहे तरी पानं मलूल कशी? पाणी कमी पडतंय का?

हा प्रश्न फसवा आहे आणि याच्यामुळेच सगळ्यात जास्त लिल्या मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मान टाकतं. आपण बघतो पान लोळलंय आणि अजून एक तांब्या ओततो.

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात जमिनीतल्या लिलीला हाताने पाणी घालायची गरजच नसते, पाणी कसं जाईल तेवढं बघायचं. वाफा वीतभर उंच करा. कुंडी लादीवर सपाट ठेवू नका, भोक लादीला चिकटून बंद होतं, खाली चिऱ्याचे तुकडे नाहीतर उलट्या करवंट्या ठेवा, कुंडी हलली नाही म्हणजे झालं. आणि कुंडीखालची ती शोभेची ताटली पावसाळ्यापुरती माळ्यावर टाका.

रांगेतली बाकीची झाडं चांगली आहेत, फक्त भिंतीकडची गळली. असं का?

वर बघा, पागोळी आहे का? कौलारू घर असो नाहीतर पत्र्याची शेड, वळचणीखाली रांगेत लिली लावायची आपल्याला भारी हौस, दिसतेही छान. पण पागोळीची धार तासन् तास एकाच जागी पानांच्या बेचक्यात पडते, तिथली माती उडते, मान उघडी पडते आणि बेचक्यात पाणी साठून कुजायला सुरुवात होते. हातभर पुढे सरकवा. सरकवणं जमत नसेल तर धार पडते तिथे नारळाची सोडणं पालथी अंथरा, म्हणजे निदान माती उडणार नाही.

एका रात्रीत पानांची चाळण झाली, कडेची शीर तेवढी उरली. हे गळणं आहे का कुणी खाल्लं?

खाल्लंच. स्पायडर लिली, सुदर्शन, कळलावी यांच्यावर पावसाळ्यात हमखास येणारी लिलीची अळी. काळपट अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि लालसर-नारिंगी डाग, दिसायला अगदी ठसठशीत, लपायचं नावच नाही. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी, ते कळलावीच्या ग्लोरिओसा या नावावरूनच आलंय. पतंगही लाल-काळा-पिवळा नक्षीदार असतो, रंगोटी बघून लोक फुलपाखरू समजतात आणि कौतुकाने फोटो काढतात, आणि तो तिकडे पानाखाली अंडी घालून मोकळा होतो.

सुरुवातीला बारक्या अळ्या घोळक्याने पानाच्या खालच्या बाजूने हिरवं खरवडतात, वरून नुसते पांढुरके पारदर्शक चट्टे दिसतात. हीच वेळ पकडायची, ते एक पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवलं की सगळं कुटुंब एका झटक्यात जातं. मोठ्या झाल्या की झाडभर पसरतात आणि मग चिमट्याने वेचत बसा. दुसरी एक अळी असते, काळी आणि अंगावर पिवळट आडवे पट्टे, ती जास्त वाईट कारण ती पानाच्या आत शिरून बोगदा करत खाली कांद्यापर्यंत जाते, मग पान बुडातून मोडून पडतं आणि आपल्याला वाटतं सड लागली. पान उभं फाडून बघा, आत काळी ओली विष्ठा दिसली तर अळी समजा.

उपाय म्हणजे संध्याकाळी बॅटरी घेऊन जा, पानं उलटी करून वेचा. फार असतील तर बीटी पावडर, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची पावडर, पाकिटावर लिहिलेल्या मापाने संध्याकाळी फवारा, ती बारक्या अळ्यांवर चालते, मोठ्यांवर फारशी नाही. नाहीतर लिटरला 5 मिली नीम तेल आणि थोडासा साबण. पाऊस येऊन धुवून गेला की परत मारायला लागतं त्याला इलाज नाही. कोष मातीत जातो म्हणून पाऊस उघडल्यावर बुडाची माती वरवर हलवून ठेवा, कोंबड्या असतील तर तासभर सोडा, बाकीचं त्या बघतात.

कांदा शाबूत असेल तर सगळी पानं गेली तरी स्पायडर लिली महिन्याभरात परत फुटते. रडू नका.

बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे दाणे दिसतायत. हे काय?

हे गंभीर आहे. स्क्लेरोशियम नावाची बुरशी, उष्ण आणि दमट हवा तिला फार मानवते, म्हणजे आपलं जून आणि ऑक्टोबर तिच्यासाठी माहेरच. आधी पांढरे धागे मातीवर पंख्यासारखे पसरतात, मग पांढरे आणि हळूहळू तपकिरी होणारे मोहरीएवढे दाणे बनतात. ते दाणे म्हणजे तिचं बियाणं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि तीच बुरशी वांगी, मिरची, भुईमूग यांनाही लागते.

ते झाड आणि आजूबाजूची वीतभर माती पिशवीत भरून बाहेर काढा, शेणकीत किंवा कंपोस्टात टाकू नका. खुरपं धुवा. त्या जागी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, शेणखतात मिसळून घाला, आणि एप्रिल-मेमध्ये माती थोडी ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा दाबून चार ते सहा आठवडे अंथरून ठेवा, उन्हाने माती भाजून निघते. पालापाचोळ्याचं आच्छादन बुडाला चिकटवून घालायची सवय असेल तर सोडा, चार बोटं जागा मोकळी ठेवा.

नर्सरीतून आणलेली एशियाटिक लिली, फुलं झाली आणि खालून पानं पिवळी पडून गळायला लागली. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. फुलं झाली की खालून वर पिवळं पडत जाणं हा तिचा स्वभाव आहे, पानातलं अन्न ती कांद्यात भरून ठेवते. दांडा हिरवा आहे तोवर कापू नका, सुकलेलं फूल तेवढं काढा. फुलं येण्याआधीच खालची पानं गळत असतील तर मात्र मुळं तपासा.

आणि खरं सांगायचं तर ही लिली आपल्या हवेची नाही. तिला 15 ते 25 अंश तापमान आवडतं, आणि परत फुलायला कांद्याला थंडी लागते. मी नोव्हेंबरात लावते, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, मार्चमध्ये ऊन चढलं की पानं संपतात. मग कांदा काढून किंचित दमट कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे एकदा सासूबाईंनी लसूण समजून पाकळी सोलायला घेतलेली. एवढं करूनही दुसऱ्या वर्षी फूल लहान येतं, तिसऱ्या वर्षी कांदाच खंगतो. एका नर्सरीवाल्याने मला छातीठोक सांगितलं होतं की कोकणात दरवर्षी आपोआप येईल. आलं नाही. हौस म्हणून आणा, हंगामी फूल समजून आणा.

फुटबॉल लिलीची पानं दिवाळीनंतर सगळी गेली. मेली का?

झोपली. मेमध्ये लाल गोळा फुलतो, त्याच्या मागोमाग पानं येतात, पावसाळाभर टिकतात आणि थंडीकडे पिवळी पडून जातात. कळलावीचा वेलही पाऊस संपला की असाच वाळतो, सोनटक्काही थंडीनंतर मलूल होतो. या काळात पाणी बंद. झोपलेल्या कांद्याला पाणी घालणं म्हणजे सडवणं. तिथे काठी रोवून ठेवा नाहीतर फेब्रुवारीत कुणीतरी कुदळ घालतं, आमच्याकडे दर वर्षी एक तरी कांदा असा जातो.

पानांवर आणि फुलाच्या दांड्यावर लाल रेघा, चट्टे, मग पान वाकडं होऊन गळतं.

अमॅरिलिसवर हे नेहमीचं, बुरशीजन्य, इंग्रजीत रेड ब्लॉच म्हणतात. डागाळलेली पानं कापून जाळा, वरून पाणी घालणं बंद, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम फवारा. जुन्या कांद्याला एखादा लाल ओरखडा पडलेला असतो तेवढ्याने घाबरू नका. पानांवर पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची नक्षी आणि पान आखडलेलं असेल तर मात्र व्हायरस, त्याला औषध नाही, ते झाड काढूनच टाकायचं आणि मावा दिसला की लगेच धुवायचा कारण मावाच तो पसरवतो.

घर अगदी किनाऱ्याला आहे. वादळानंतर चार दिवसांत पानं करपून गळली.

खारा वारा. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा आमच्याकडे झाडांची समुद्राकडची बाजू जशी इस्त्री फिरवल्यासारखी तपकिरी झाली आणि घराकडची हिरवीच. हे ओळखायची खूण हीच, करपणं एका बाजूनं असतं. वादळ सरलं की लगेच गोड्या पाण्याने पानं धुवून काढा, उशीर झाला की उपयोग नाही. स्पायडर लिली आणि सुदर्शन खारं बऱ्यापैकी सोसतात, सुदर्शन तर मुळात किनाऱ्याचंच झाड. अमॅरिलिस, डे लिली घराच्या आडोशाला ठेवा.

उन्हाळ्यात विहीर मचूळ होते तेव्हाही असंच, फक्त तेव्हा सगळ्या पानांची टोकं सगळीकडून जळतात आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. जमेल तेव्हा गोडं पाणी भरपूर ओतून ते मीठ खालून वाहून जाऊ द्या.

माशांचं पाणी, कोलंबीची सालं, चुलीतली राख घातली तर चालेल ना? आजी घालायची.

ताजे मासे धुतलेलं पाणी नारळाला घाला, माडाला ते आवडतं. लिलीच्या कांद्याला कच्चं, कुजायच्या आधीचं काहीही नको, ताजं शेणही नको, त्याने ऊब धरते आणि सड लागते. सुक्या मासळीचं पाणी तर अजिबात नको, ते निव्वळ मीठ. कोलंबीची सालं कंपोस्टात कुजवून मग घाला, नुसती पुरलीत तर सकाळी मांजरांनी कांद्यासकट उकरलेलं सापडेल. राख चिमूटभर चालते, आपली माती आम्लधर्मी म्हणून थोडी मदतच होते, पण घमेलं ओतू नका.

धो धो पावसात मातीतलं नत्र वाहून जातं, जुनी पानं फिकट पिवळी पडतात, ते ठीक आहे. ऑगस्टात पाऊस ओसरला की मूठभर गांडूळखत द्या. युरिया टाकलात तर पानं लांब, मऊ, लुसलुशीत होतील आणि पहिल्या वाऱ्याला आडवी पडतील.

सुपारीसाठी केलेलं बोर्डो उरलंय, लिलीवर मारू का?

सुपारीची फळं सडून गळतात त्या कोळेरोगासाठी घराघरात बोर्डो होतंच म्हणून हा प्रश्न दर वर्षी येतो. एक टक्क्याचं असेल, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना, आणि त्याच दिवशी केलेलं असेल तर बुडाशी मातीत ओतायला हरकत नाही. कालचं नको, फुटतं ते. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला नाहीतर पानं जळतील. कोवळ्या पानांवर मी मारत नाही, डाग राहतात. विकतचं कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, बुडाशी ओतायला जास्त सोपं पडतं.

गोगलगाई आणि वाणी (पैसा किडा), यातलं कोण खातं?

मोठी शंखी गोगलगाय खाते, रात्री, मागे चिकट चकचकीत रेघ ठेवून. वेचा, खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाका, पण मीठ वाफ्यात शिंपडू नका, गोगलगाय मरेल आणि लिलीही. वाणी बिचारे बहुतेक कुजलेलंच खातात, कांद्यापाशी पुष्कळ वाणी दिसले तर ते गुन्हेगार नाहीत, आत काहीतरी आधीच सडलंय याची वर्दी आहे.

घरात ठेवलेल्या लिलीच्या कळ्या आणि पानं गळली, पाणी-बिणी सगळं ठीक आहे.

जवळ पिकायला टांगलेला केळीचा घड आहे का? नाहीतर आंब्याची अढी? पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्याने लिलीच्या कळ्या न उमलता पडतात आणि पानं पिवळी होतात. फेब्रुवारीत पडवीत घड टांगलेला आणि बरोबर त्याच्याखाली माझी कळ्यांनी भरलेली एशियाटिक, मी आठवडाभर कांदा उकरत बसलेले. फ्रिजमध्ये कांदे ठेवतानाही सफरचंद-केळी त्या कप्प्यात नकोत, ते याच कारणाने.

पानं मोडून पडलीत आणि खाली कांदाच नाही!

साळिंदर. नाहीतर रानडुक्कर, नाहीतर घूस. घुशीचं बीळ जवळच सापडतं, डुक्कर अख्खा वाफा नांगरून जातं, साळिंदर नेमका खड्डा करून कांदा काढतं आणि एखादा काटा ठेवून जातं, पावती म्हणून. महागाचे कांदे वाफ्यात खाली जाळी घालून लावा किंवा कुंडीत ठेवा, बाकी औषध मला सापडलेलं नाही.

घरात मांजरं आणि लहान मुलं आहेत, काही धोका?

आहे, आणि गळलेली पानं झाडताना हे लक्षात ठेवाच. खरी लिली आणि डे लिली मांजराला प्राणघातक आहे, पान चघळलं, अंगावर पडलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरकडे. कळलावीचा सगळा वेल विषारी, कंद तर फारच, त्यात कोल्चिसीन असतं, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा. स्पायडर लिली, अमॅरिलिसचा कांदा पोटात गेला तर उलट्या होतात. कापलेले कांदे, पानं उघड्यावर टाकू नका.

इतकं करून कळलंच नाही तर कुणाला दाखवू?

किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, फुकट आहे, मराठीत बोलतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना घेऊन जा, पण नुसतं पान नेऊ नका. कांदा, मुळं, बुडाची मूठभर माती, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलंत तर बसने जाईपर्यंत आत सगळं आंबतं आणि मूळ रोग कुठला ते ओळखू येत नाही.

गेलीच शेवटी. त्याच जागी परत लिली लावू का?

लगेच नको. पाणी साठून मेली असेल तर आधी वाफा उंच करा, मग लावा. बुरशीचे ते मोहरीसारखे दाणे दिसले असतील तर त्या जागी दोन-तीन वर्षं कांद्याचं काही नको आणि वांगी-मिरचीही नको. आमच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात तीन वेळा अमॅरिलिस गेली, आता तिथे कर्दळ लावलीय, तिला पाणी कितीही चालतं, आणि अमॅरिलिस वर पडवीच्या पायरीवर करवंट्यांवर बसलीय.